हातात किती? किराण्याच्या पाकिटापासून लाभांशावरच्या करापर्यंत

नवी नोकरी लागली की घरातलं मोठं माणूस आधी विचारतं, "पगार किती?" आकडा ऐकून मान डोलावतं आणि मग खरा प्रश्न येतो: "हातात किती येतात?" हाच दुसरा प्रश्न पैशाच्या प्रत्येक व्यवहाराला विचारायचा असतो. पाकिटावर छापलेली किंमत आणि खिशातून गेलेले पैसे, ऑफर लेटरवरचा आकडा आणि खात्यात पडलेला पगार, जाहीर झालेला लाभांश (कंपनी भागधारकांना देते तो नफ्यातला वाटा) आणि जमा झालेला लाभांश, या प्रत्येक जोडीत फरक असतो. तो कुठे आणि का पडतो, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत नव्याने आलेल्या, पहिल्यांदाच स्वतःचा खर्च स्वतः चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कराचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून कलमं मुद्दामच दिलेली नाहीत.

पायरी १: पाकीट उलटून वाचा

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. दुकानात त्याच्यावर एक रुपयाही मागता येत नाही. थंड बाटलीला "कूलिंगचे दोन रुपये" मागणारा टपरीवाला असो की स्टँडवरचा स्टॉल, नियम एकच. हॉटेलात बसून पाणी मागवलंत तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे बाटलीबरोबर जागा आणि सेवाही येते, म्हणून हॉटेलवाला एमआरपीपेक्षा जास्त लावू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. त्यावर वेटरशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल जपून ठेवा, त्याच्याशिवाय तक्रारीला जोर नसतो.

एमआरपी ही कमाल किंमत आहे, वस्तूची "खरी" किंमत नव्हे. त्यामुळे "एमआरपीवर ४० टक्के सूट" या पाटीवरून काहीच कळत नाही. बघायचा तो दर ग्रॅमचा किंवा दर लिटरचा भाव. पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात तो छापलेला असतो. मोठं पाकीट स्वस्त पडतं हा समज दर वेळी खरा ठरत नाही. बिस्किटं, साबण, फरसाण यांत किंमत तीच ठेवून वजन हळूच उतरवण्याची पद्धत आहे, तीही याच ओळीत पकडली जाते.

सुट्या मालाला पाटी नसते, तिथे तोंड उघडावं लागतं. मंडईत "चाळीस" म्हटलं की ते किलोचे की पावाचे, हे वजन करायच्या आधी विचारा. मिठाई घेताना खोका काट्यावर ठेवून मग पेढे भरत असतील तर काटा आधी शून्यावर आणायला सांगा. पुठ्ठ्याचा खोका पेढ्यांच्या भावाने विकत घेण्याचं कारण नाही, आणि नियमाप्रमाणे वजन निव्वळ मालाचंच धरायचं असतं.

पायरी २: बिलाच्या खालच्या चार ओळी

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. आता बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आहेत, आणि चैनीच्या व अपायकारक म्हटल्या जाणाऱ्या काही वस्तूंवर ४० टक्के आहे. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले, टीव्ही आणि एसी २८ वरून १८ वर. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी पूर्ण गेला. रेल्वे स्टेशनवरची रेल नीरची लिटरची बाटली तेव्हा १५ वरून १४ रुपये झाली.

दुकानात छापील किमतीवर वरून जीएसटी लावला जात असेल तर ते चूक आहे, कारण एमआरपीत तो आधीच आहे. साध्या रेस्टॉरंटमध्ये मेन्यूकार्डावरच्या दरावर ५ टक्के लागतो, तो रास्त. त्याखाली "सर्व्हिस चार्ज" दिसला तर तो सरकारचा कर नाही. तो ऐच्छिक आहे आणि काढायला सांगता येतो. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ग्राहकावर तो लादता येत नाही असंच म्हटलं. छोट्या खाणावळीच्या किंवा दुकानाच्या बिलावर "कंपोझिशन" (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोप्या कराची योजना) असं लिहिलेलं असेल तर त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही.

सोनं पहिल्यांदा घेत असाल तर पेढीवर घाई करू नका. पाटीवरचा भाव २४ कॅरेटचा की २२ चा, हे आधी विचारा. दागिना बहुधा २२ कॅरेटचा, म्हणजे ९१६ शिक्क्याचा असतो. भाव तोळ्याचा सांगतात, आणि आज पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्यावर घडणावळ येते आणि मग ३ टक्के जीएसटी. घडणावळ सगळ्यात लवचिक. घासाघीस करायची ती तिथे, सोन्याच्या भावावर नाही. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असायलाच हवा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो टाकला की दागिना कितीच्या शुद्धतेचा आहे ते दिसतं. उद्या हाच दागिना मोडायला नेलात तर भाव मिळतो फक्त सोन्याचा. घडणावळ आणि जीएसटी तिथेच विसरायचे, वर घट धरली जाते ती वेगळी. म्हणून "गुंतवणूक" म्हणून नेकलेस घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. हौस म्हणून घ्या की, हौसेला मोल नसतं, पण मग ती हौसेच्याच खात्यात लिहा.

फोनवरचा "नो कॉस्ट ईएमआय" हाही असाच प्रकार. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो आणि हिशेब बरोबरीत दाखवतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी. व्याज १,२०० रुपये धरलं तर २१६ रुपये झाले, वर प्रोसेसिंग फी. रोख घेतल्यावर जी सूट मिळाली असती ती गेली, तिचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. क्रेडिट कार्डाच्या बिलावरचा "मिनिमम ड्यू" भरून गप्प बसणं मात्र याहून कितीतरी महाग पडतं. महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे ते ४२ होतात.

पायरी ३: पगाराची चिठ्ठी

समजा ऑफर लेटरवर सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यामागे वर्षाला येणारा एकूण खर्च, ६ लाख आहे. महिना ५० हजार धरून तुम्ही खोली शोधायला निघालात तर पहिल्याच महिन्यात फजिती होईल.

मूळ पगार २५,००० धरू. कंपनीने भरायचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ३,०००. तो सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण १,२०० रुपये, तीही सीटीसीत. कायम नोकरीत ती मिळते पाच वर्षं झाल्यावर. राहिले ४५,८००. यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्र सरकारचा व्यवसाय कर २०० रुपये गेले. हातात ४२,६००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, वर्षाचे २,५०० व्हावेत म्हणून, तेव्हा त्या महिन्यात शंभर कमी का आले म्हणून एचआरला मेल लिहू नका. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ आहे.

पीएफचे दोन्हीकडचे पैसे तुमचेच. फक्त कंपनीच्या वाट्यातले १,२५० रुपयांपर्यंत पेन्शन योजनेत वळतात, म्हणून पासबुकात कंपनीचा आकडा तुमच्यापेक्षा कमी दिसतो. नोकरी बदलताना यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून खातं पुढे न्या. प्रत्येक नोकरीगणिक पीएफ काढून खाणारे पुढे हळहळतात.

खोलीचंही तसंच. जाहिरातीतल्या भाड्यात डिपॉझिट, एजंटाचं एका महिन्याचं भाडं आणि सोसायटीचा मेंटेनन्स धरलेला नसतो. लिव्ह अँड लायसन्स करार तोंडी किंवा नुसत्या स्टँपपेपरवर करू नका. महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती घरबसल्या ऑनलाइनही होते. डिपॉझिट परत मिळवताना तोच कागद कामी येतो.

पायरी ४: पैसे ठेवायचे कुठे

बँकेतल्या ठेवींना माणशी, बँकनिहाय ५ लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, अध्यक्ष ओळखीचे असतात आणि व्याज एक-दोन टक्के जास्त मिळतं. अनेक चांगल्या चालल्यात, हे खरं. पण "बँक" आणि "पतसंस्था" यांच्या पाट्या लांबून सारख्याच दिसतात आणि बुडाल्यावरचा फरक फार मोठा असतो. ठेव ठेवण्याआधी एवढंच विचारा: ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे का? उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

यूपीआयबद्दल एकच वाक्य: पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फसवणूक झालीच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

पायरी ५: प्राप्तिकराचं गणित, थोडक्यात

कर मोजायच्या दोन प्रणाली आहेत, नवी आणि जुनी, त्यातली एक तुम्ही निवडायची. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३०. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर जो कर निघतो तो पूर्ण माफ होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. शेअर विकून झालेल्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला ही माफी लागू होत नाही.

घरभाडे भत्त्याची सूट आणि पीएफ, विमा अशा बचतीवरची दीड लाखाची ती प्रसिद्ध वजावट जुन्या प्रणालीतच आहे. नवख्याला बहुधा नवीच प्रणाली परवडते, पण भाडं भरमसाट असेल तर दोन्हीकडून आकडेमोड करून बघा.

पायरी ६: लाभांश

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

पहिला गोंधळ टक्क्यांचा. "कंपनीकडून ४५० टक्के लाभांश" अशी बातमी वाचून माणूस हरखतो. हे टक्के शेअरच्या दर्शनी मूल्यावर (कंपनीने ठरवलेल्या कागदोपत्री मूळ किमतीवर) असतात, बाजारभावावर नाही. दर्शनी मूल्य २ रुपये असेल तर ४५० टक्के म्हणजे शेअरमागे ९ रुपये. शेअर बाजारात १,५०० ला मिळत असेल तर तुमच्या पैशांवर परतावा झाला ०.६ टक्के. बातमीतला टक्का सोडा, शेअरमागे किती रुपये ते बघा.

दुसरा गोंधळ तारखेचा. कंपनी रेकॉर्ड डेट जाहीर करते. त्या दिवशी तुमच्या डीमॅट खात्यात (शेअर ठेवायच्या ऑनलाइन खात्यात) शेअर असेल तर लाभांश तुमचा. जानेवारी २०२३ अखेरपासून आपल्याकडे खरेदी केलेले शेअर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात, म्हणून निदान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी झालेली हवी. पण निव्वळ लाभांशासाठी आदल्या दिवशी उडी मारण्यात काही हशील नाही. त्या दिवशी भाव साधारण तेवढ्यानेच खाली उघडतो. या खिशातले पैसे त्या खिशात जातात आणि जाता जाता कर लागतो. म्युच्युअल फंडात "आयडीसीडब्ल्यू" (पूर्वीचा डिव्हिडंड) पर्याय निवडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: मिळणारी रक्कम तुमच्याच एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या किमतीतून निघते.

आता कर. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनी भरायची आणि छोट्या भागधारकाच्या हातात येणारी रक्कम करमुक्त असायची. काका-मामा "डिव्हिडंडवर टॅक्स नसतो रे" म्हणतात ते त्या काळातलं. १ एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या टप्प्याच्या दराने कर बसतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर करावरचा ४ टक्के उपकर धरून ३१.२ टक्के गेले.

कंपनी देतानाच कापून घेते तो टीडीएस. एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभांश मिळत असेल तर १० टक्के कापतात. ही मर्यादा ३१ मार्च २०२५ पर्यंत ५,००० होती. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के.

उदाहरण घेऊ. वरच्याच कंपनीचे १,२०० शेअर आहेत. ९ रुपयांप्रमाणे लाभांश १०,८००. टीडीएस वरच्या ८०० वर नाही, पूर्ण १०,८०० वर, म्हणजे १,०८०. खात्यात आले ९,७२०. रिटर्न भरताना नवखा माणूस पासबुक उघडतो आणि ९,७२० लिहितो. लिहायचे असतात १०,८००, आणि कापलेले १,०८० भरलेल्या कराच्या रकान्यात दाखवायचे. तुमचा एकूण कर शून्य निघत असेल तर ते १,०८० परत मिळतात. निव्वळ रक्कम लिहिली तर विभागाकडच्या नोंदीशी आकडा जुळत नाही, आणि मग नोटिशीचा मेल येतो.

उलट बाजूही आहे. दहा कंपन्यांकडून प्रत्येकी दोन हजार मिळाले तर टीडीएस शून्य. म्हणून ते २०,००० करमुक्त नाहीत! दाखवावे लागतातच. "कापलं नाही म्हणजे कर नाही" आणि "कापलं म्हणजे कर भरून झाला", ही दोन्ही वाक्यं चूक आहेत.

या २०,००० चा एक विचित्र हिशेब दाखवतो. पगार बरोबर १२,७५,००० आहे, वजावट जाऊन करपात्र १२ लाख, कर शून्य. त्यात हा लाभांश मिळवला की करपात्र झाले १२,२०,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६३,००० निघतो, पण सीमेवरच्या सवलतीमुळे तो १२ लाखांच्या वर असलेल्या रकमेइतकाच, म्हणजे २०,००० वर थांबतो. त्यावर ४ टक्के उपकर ८०० रुपये. वीस हजारांच्या लाभांशावर वीस हजार आठशे कर! हातात उणे आठशे. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नात हीच गत होते. तुम्ही या सीमेजवळ असाल तर कंपनीकडून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) काही रक्कम वळवता येते का, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा. मालकाने भरलेली एनपीएसची रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही.

रिटर्न भरताना क्रम असा ठेवा. आधी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करून एआयएस उतरवून घ्या. कोणत्या कंपनीने किती लाभांश दिला, बँकेने किती व्याज दिलं, सगळं तिथे असतं. ते बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहा. फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगार आणि टीडीएसच्या दाखल्यात, लाभांश नसतो, तेव्हा फक्त त्याच्यावर विसंबून रिटर्न भरू नका. मग "इतर स्रोतांचं उत्पन्न" या भागात लाभांश टाका. तिथे तिमाहीवार फोड विचारतात (१५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, अशी), कारण आगाऊ कराचं व्याज त्यावरून ठरतं. सगळी रक्कम एका रकान्यात ढकलू नका. नुसता पगार, व्याज आणि लाभांश असेल तर आयटीआर-१ हा फॉर्म चालतो; घेतल्यापासून वर्षाच्या आत शेअर विकून नफा झाला असेल तर आयटीआर-२. पगारदाराची मुदत ३१ जुलै, आणि भरल्यानंतर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही तर भरलेलं न भरल्यासारखंच.

हिंजवडी-खराडीतल्या अनेकांना अमेरिकी मूळ कंपनीचे शेअर पगाराबरोबर मिळतात. त्यांच्या लाभांशातून अमेरिकेत २५ टक्के आधीच कापले जातात. इथे पूर्ण रक्कम उत्पन्नात दाखवायची आणि तिकडे कापलेल्या कराची इथल्या करातून वजावट फॉर्म ६७ भरून मागायची. एक शेअर असला तरी आयटीआर-२ आणि त्यातलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावंच लागतं. अशी मालमत्ता (स्थावर सोडून) एकूण २० लाखांच्या वर असेल आणि ते भरलं नाही तर दहा लाखांचा दंड होऊ शकतो, आणि त्याहून कमी असली तरी परिशिष्ट चुकत नाही, तेव्हा "अहो, चारच तर शेअर आहेत" हे कारण चालवू नका. उलट, परदेशात स्थायिक झालेल्यांना भारतीय कंपन्यांच्या लाभांशावर पहिल्या रुपयापासून २० टक्के आणि वर उपकर कापला जातो. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार असलेल्या देशातलं करनिवासी प्रमाणपत्र कंपनीकडे वेळेत दिलं तर कमी दर लागू शकतो.

शेवटचं काम पाच मिनिटांचं, पण तेच लोक टाळतात. नोकरी बदलली, जुनं पगार खातं बंद केलं, की डीमॅटमध्येही बँक खातं बदला. नाही बदललं तर लाभांश परत फिरतो. सात वर्षं पडून राहिलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो, आणि सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर त्याबरोबर शेअरसुद्धा जातात. आजोबांच्या कपाटात कागदी सर्टिफिकेटं सापडली तर बहुधा हेच झालेलं असतं. ते परत मिळतात, पण या निधीचा आयईपीएफ-५ फॉर्म, वारसाचे कागद, नावातल्या स्पेलिंगचा घोळ, हे सगळं निस्तरत बसावं लागतं. तेव्हा बँक खातं बदलतानाच नॉमिनीचं नावही भरून टाका, आणि ते आधार कार्डावर जसं आहे अगदी तसंच लिहा.